गुर्निक झाब्झे: खाणकामगारांचा क्लब आणि एका आडनावातला 'एच'

श्लोंस्कवासी (धागाकर्ता)

पोलंडच्या दक्षिणेला सिलेसिया नावाचा कोळशाचा पट्टा आहे, पोलिश भाषेत श्लोंस्क. तिथल्या ग्लिवित्से शहरात मी सहा वर्षं राहतोय. शेजारचं शहर झाब्झे. बसने जाताना एक शहर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

आमचे घरमालक निवृत्त खाणकामगार. वयाने सत्तरीच्या घरात. नातवंडांसारखं मीही त्यांना ओपा म्हणतो. इथे आजोबांना तसंच म्हणतात. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "फुटबॉल कुणाचा बघतोस?" मी इंग्लंडमधल्या एका क्लबचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक पितळी बिल्ला घेऊन आले आणि माझ्या तळहातावर ठेवला. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा जरा मोठा, वर एक भोक, मध्ये ठोकलेला आकडा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. याला ते 'मार्का' म्हणतात. पाळीला खाली उतरताना हा घ्यायचा, वर आल्यावर परत करायचा. पाळी सुटल्यावर एखाद्या नंबरचा बिल्ला आला नाही, तर तो माणूस अजून खाली आहे हे वरच्यांना कळायचं. "आमचा क्लब या बिल्ल्यातून निघालाय," असं ओपा म्हणाले. त्या क्लबबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

क्लबचं नाव गुर्निक झाब्झे. गुर्निक म्हणजे खाणकामगार.

आधी गावाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर क्लब समजणार नाही. झाब्झे हे जुनं नाव. १९१५ साली, जर्मन अमलात, ते बदलून हिंडेनबुर्ग केलं गेलं, पहिल्या महायुद्धातल्या सेनापतीच्या नावावरून. १९२१ साली इथे जनमत घेतलं, आणि १९२२ साली सिलेसियाच्या अंगावरून नवी सीमा ओढली गेली. झाब्झे जर्मनीत राहिलं, अगदी लागून असलेलं रुदा पोलंडमध्ये गेलं. एका घरातला भाऊ इकडे आणि बहीण तिकडे, असं कितीतरी कुटुंबांचं झालं. १९४५ साली सोव्हिएत सैन्य आलं, शहर पोलंडला मिळालं, जुनं नाव परत आलं. त्याच वर्षी सुरुवातीला या भागातल्या हजारो पुरुषांना उचलून सोव्हिएत खाणींत, आजच्या पूर्व युक्रेनमधल्या डोनबासपर्यंत, कामाला धाडलं. त्यातले खूप जण परत आलेच नाहीत. राहिलेल्यांना आपण पोलिश आहोत हे सिद्ध करावं लागलं. कागदोपत्री हान्सचा यान झाला, गेऑर्गचा येझी झाला. माणसं घरात मात्र आपली सिलेसियन बोलीच बोलत राहिली. आमचे ओपा अजून फुटबॉलला 'फुस्बाल' आणि खाणीला 'ग्रुबा' म्हणतात.

अशा गावात १४ डिसेंबर १९४८ रोजी, युद्धानंतर उभे राहिलेले चार छोटे क्लब एकत्र करून गुर्निक स्थापन झाला. ४ डिसेंबर हा संत बार्बाराचा दिवस, खाणकामगारांचा सगळ्यात मोठा सण, बार्बुर्का. तो होऊन दहा दिवस झाले होते. त्या काळात पोलंडमध्ये सगळे क्लब कुठल्या ना कुठल्या कामगार संघटनेला किंवा सरकारी खात्याला जोडले जात होते: रेल्वेचे वेगळे, पोलादवाल्यांचे वेगळे, सैन्याचा वेगळा, पोलिसांचा वेगळा. गुर्निक कोळशाचा. मैदान मात्र जुनंच, १९३४ साली बांधलेलं, आणि तेव्हा त्याला हिटलरचं नाव होतं. त्याच मैदानाला आज एका सिलेसियन पोराचं नाव आहे.

तो पोरगा म्हणजे एर्नेस्ट पोल. जन्म १९३२, गाव रुदा, सीमेच्या पोलिश बाजूला. आडनाव जर्मन वळणाचं, मध्ये एक 'एच'. युद्धानंतरच्या पोलंडमध्ये हा 'एच' खुपत होता, म्हणून तो काढला गेला. उच्चार जसाच्या तसा. पेपरात, संघाच्या यादीत, नोंदवहीत मात्र तो नव्या स्पेलिंगचा पोल. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीची वर्षं तो वॉर्साच्या लेग्या या सैन्याच्या क्लबाकडून खेळला आणि १९५५ व १९५६ अशी दोन्ही वर्षं लेग्या लीग जिंकला. नोकरी संपताच तो घराजवळ, झाब्झेला आला, आणि १९५७ साली गुर्निक पहिल्यांदा देशाचा विजेता झाला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने ट्युनिशियाला एकट्याने पाच गोल मारले. पोलंडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये त्याचे १८६ गोल आहेत. तो आकडा आजवर कुणाला गाठता आलेला नाही.

पुढची दहा वर्षं गुर्निकची. १९५९, १९६१, आणि मग १९६३ ते १९६७ सलग पाच वेळा विजेतेपद. युरोपात खेळायचं तर झाब्झेचं मैदान अपुरं पडायचं, म्हणून सामने जवळच्या होझुफमधल्या श्लोंस्की स्टेडियमवर व्हायचे. १८ सप्टेंबर १९६३ रोजी ऑस्ट्रिया व्हिएन्नाविरुद्धच्या सामन्याला तिथे एक लाख वीस हजार माणसं होती. जिन्याच्या पायऱ्यांवर बसायलाही जागा नव्हती असं ओपांचे वडील सांगायचे.

१९६१ साली टॉटेनहॅमला याच मैदानावर ४-२ असं हरवलं आणि लंडनला जाऊन ८-१ असा मार खाल्ला. ओपा हे दोन्ही आकडे एका दमात सांगतात, दुसरा गाळत नाहीत. मार्च १९६८ मध्ये बर्फ साचलेल्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं, गोल लुबान्स्कीचा. पण आधी मँचेस्टरला ०-२ हरले होते, त्यामुळे बाहेर. त्या वर्षीचा युरोपियन कप युनायटेडनेच जिंकला.

आणि मग १९७०. त्यासाठी वेगळा प्रतिसाद लिहितो, इथे मावणार नाही.

---

रंकाळ्याकाठी

वाचतोय. कोल्हापूरचा असल्याने फुटबॉल म्हटलं की थांबणं भाग आहे. तालमीच्या नावाने संघ आणि पेठेच्या नावाने समर्थक, हे आमच्याकडे लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे खाणीच्या नावाने क्लब हे लगेच कळलं. एक शंका: झाब्झे हा उच्चार नक्की कसा?

---

श्लोंस्कवासी

पहिलं अक्षर आपल्या 'जरा'मधल्या ज सारखं, दातांजवळचं. दुसरं झ जाड, जिभेने वर टाळूकडे जाऊन. पोलिशमध्ये आर आणि झेड शेजारी आले की मिळून एकच जाड झ होतो, म्हणून 'झाब्रझे' नाही. आता १९७०.

त्या मोसमात गुर्निक कप विनर्स कपमध्ये होता, म्हणजे निरनिराळ्या देशांच्या चषक विजेत्यांची स्पर्धा. ग्लासगोच्या रेंजर्सना दोन्ही सामन्यांत ३-१, ३-१. उपांत्य फेरीत गाठ पडली रोमाशी. रोमाचा प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा, त्या काळातला युरोपातला फार मोठा माणूस. मधल्या फळीत तरुण फाबियो कापेलो, जो पुढे प्रशिक्षक म्हणून जगभर गाजला.

रोममध्ये १-१. होझुफमध्ये जादा वेळेनंतर २-२. तेव्हाच्या नियमाने तिसरा सामना, त्रयस्थ मैदानावर: फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग, २२ एप्रिल. तिथे पुन्हा १-१. पुन्हा जादा वेळ, गोल नाही. तीन सामने, साडेपाच तासांचा खेळ, आणि दोन्ही संघ जिथल्या तिथे. पेनल्टी शूटआउट अजून आलेलं नव्हतं. नाणं उडवायचं.

ओपा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, खालच्या मजल्यावर होता. इथल्या कामगारांच्या लाल विटांच्या चाळींना 'फामिलोक' म्हणतात. लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर तीन-चार बिऱ्हाडं. खोलीत जागा संपली तशी माणसं दारात, मग जिन्यात उभी राहिली. जिन्यातल्यांना पडदा दिसत नव्हता. आतल्यांनी बाहेर सांगायचं, दाराजवळच्यांनी पायरीवरच्यांना, आणि असं वरपर्यंत. ओपा वरून तिसऱ्या पायरीवर होते. गुर्निकचा कर्णधार स्तानिस्वाव ओश्लिझ्वो आणि रोमाचा कर्णधार पंचांपाशी गेले हे त्यांच्यापर्यंत आलं. मग काही क्षण काहीच आलं नाही. मग खालून आवाज आला, शब्द नव्हे, नुसता आवाज, आणि तो जिना चढत वर आला. "नाणं आपलं पडलं हे मला कुणी सांगितलंच नाही," ओपा म्हणतात, "पायाखालचं लाकूड हललं, त्यावरून कळलं."

तोवर कुठलाही पोलिश क्लब युरोपच्या अंतिम सामन्यात पोचला नव्हता.

अंतिम सामना २९ एप्रिलला व्हिएन्नात, प्राटर स्टेडियमवर, मँचेस्टर सिटीशी. धो धो पाऊस. एवढ्या मोठ्या स्टेडियमवर आठ हजारसुद्धा माणसं नव्हती. सिटीकडून नील यंग आणि पेनल्टीवर फ्रान्सिस ली. ६८ व्या मिनिटाला ओश्लिझ्वोने एक परत केला. २-१. संपलं. त्याच रात्री इंग्लंडमध्ये चेल्सी आणि लीड्स यांचा एफए कपचा फेरसामना होता आणि तिथल्या टीव्हीने तो दाखवला. म्हणजे खुद्द इंग्लंडमध्येही हा सामना कुणी थेट पाहिला नाही. मला याचं फार वाईट वाटतं. एवढ्या लांबून आलेल्या संघाच्या वाट्याला निदान भरलेलं मैदान तरी यायला हवं होतं.

---

निळा_कोपरा

छान लिहिताय. मी कातोवित्सेला शिकायला होते, आणि माझ्या वर्गातले बहुतेक जण रुख होझुफ या क्लबचे समर्थक. म्हणजे तुमच्या ओपांचे कट्टर विरोधक. 😊 निळा रंग, स्थापना १९२०, आणि त्यांच्याही नावावर चौदा विजेतेपदं. गुर्निक चौदावं १९८८ साली जिंकला, रुखने लगेच १९८९ साली चौदावं जिंकून बरोबरी केली, तेही खालच्या दर्जातून वर आल्याच्या पहिल्याच मोसमात. या दोघांच्या सामन्याला 'सिलेसियाची मोठी डर्बी' म्हणतात.

तुम्ही स्ट्रासबुर्ग म्हटल्यावर एक गोष्ट आठवली, ती सांगायलाच हवी. त्याच शहरात, त्याच मेनाऊ मैदानावर, ५ जून १९३८ रोजी पोलंड पहिल्यांदा विश्वचषकात खेळला होता. समोर ब्राझील. जादा वेळेनंतर ६-५ असा हरला. पोलंडच्या पाचपैकी चार गोल एर्न्स्ट विलिमोफ्स्कीचे, रुखचा खेळाडू, कातोवित्सेचा. विश्वचषकाच्या एका सामन्यात चार गोल, आणि तरी घरी परत! युद्ध सुरू झाल्यावर सिलेसिया जर्मनीत गेला आणि तो जर्मनीकडून खेळला. नंतर कम्युनिस्ट पोलंडने त्याचं नाव घेणं बंद केलं. तो जर्मनीतच राहिला, १९९७ साली कार्ल्सरूहला वारला. वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी विलिमोफ्स्कीला खेळताना पाहिलं होतं. पण शाळेत त्याचं नाव काढायचं नाही अशी घरात ताकीद होती, असं तो सांगायचा.

तुमचा 'एच' आणि हे, दोन्ही एकाच जातीचं दुखणं आहे.

---

श्लोंस्कवासी

हो, अगदी तेच म्हणायचंय मला. मेनाऊचं लक्षात आलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. आज संध्याकाळी ओपांना सांगणार आहे, रुखचं कौतुक असलं तरी.

---

ऑफसाइड

धागा चांगला आहे पण एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. हे सगळं कम्युनिस्ट राजवटीतलं यश आहे. कोळसा हे सरकारचं लाडकं खातं, त्याच्याकडे पैसा आणि वजन. खेळाडू कागदावर 'हौशी', हजेरीपटावर खाणकामगार, प्रत्यक्षात दिवसभर सराव. मग सलग पाच विजेतेपदांचं एवढं कौतुक का करायचं? सरकारी पैशावर कुणीही जिंकेल.

---

श्लोंस्कवासी

राग कसला, मुद्दा खरा आहे. खेळाडू खाणीच्या पगारपत्रकावर असायचे, घर खाणीकडून मिळायचं, आणि बाकीच्या दुकानांत रांगा असताना खाणवाल्यांसाठी वेगळी दुकानं असायची. यात काही लपवण्यासारखं नाही, ओपासुद्धा लपवत नाहीत.

पण 'कुणीही जिंकेल' हे पटत नाही. त्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होतं. लेग्याच्या मागे सैन्य होतं, आणि सैन्याला हवा तो मुलगा सक्तीच्या भरतीत उचलता यायचा. पोलला तसंच नेलं होतं. क्राकूफच्या विस्वामागे पोलीस खातं होतं. पैसा सगळ्यांकडे होता. गुर्निककडे जास्त काय होतं, तर आजूबाजूची पोरं. व्लोदझिमिएझ लुबान्स्की ग्लिवित्सेचा. गोलरक्षक हुबर्ट कोस्तका रात्सिबुझजवळचा. ओश्लिझ्वो वोजिस्वावजवळचा. येझी गोर्गोन्य झाब्झेतच जन्मलेला, आडदांड बचावपटू. झिगफ्रिड शोव्तिशिक इतका बुटका की टोपणनावच 'मावी', म्हणजे छोटा. नकाशावर बोट ठेवलंत तर ही सगळी गावं एका दिवसात सायकलने होतील. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पोलंडने फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघात कोस्तका, गोर्गोन्य, लुबान्स्की, शोव्तिशिक आणि आंच्चोक हे सगळे गुर्निकचे. पैशाने संघ उभा राहतो हे मान्य. पण ही पोरं तिथेच जन्मली होती, त्याच चाळींच्या मधल्या अंगणात खेळून मोठी झाली होती.

---

जुनी_वही

लुबान्स्कीबद्दल लिहा ना. वडिलांच्या कात्रणांच्या वहीत त्याचा फोटो होता, पोलंड-इंग्लंड सामन्याचा. त्याचं पुढे काय झालं हे लहानपणी त्यांना विचारायचं राहून गेलं.

---

श्लोंस्कवासी

हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

लुबान्स्की पोलंडकडून पहिला सामना खेळला तेव्हा सोळा वर्षांचा होता. ४ सप्टेंबर १९६३, नॉर्वेविरुद्ध, पोलंड ९-० जिंकला आणि त्यात त्याचाही एक गोल. नंतर सलग चार मोसम लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचे. राष्ट्रीय संघाकडून ४८ गोल. तो विक्रम लेवान्डोव्स्कीने २०१७ साली मोडेपर्यंत उभा होता.

तुमच्या वडिलांच्या वहीतला फोटो बहुधा ६ जून १९७३ चा असावा. होझुफ, श्लोंस्की स्टेडियम, विश्वचषकाचा पात्रता सामना. इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर चेंडू घेऊन उभा होता, किंचित रेंगाळला. लुबान्स्कीने त्याच्या पायातून तो काढला, एकटा पुढे धावत गेला आणि खांबाला लावून आत मारला. २-०. पोलंडच्या फुटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या क्षणांपैकी हा एक मानतात. त्यानंतर थोड्याच वेळात, त्याच सामन्यात, त्याचा गुडघा गेला.

ऑक्टोबरमध्ये वेम्बलीला १-१ करून पोलंडने इंग्लंडला विश्वचषकाबाहेर ठेवलं, तेव्हा तो संघात नव्हता. १९७४ साली पोलंड जगात तिसरा आला, लातोने सात गोल मारून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, तेव्हाही लुबान्स्की नव्हता. पुढे तो बरा झाला, १९७५ साली बेल्जियमच्या लोकेरेनला गेला, १९७८ च्या विश्वचषकात खेळलाही. पण ऐन बहराची वर्षं गेली ती गेलीच.

गुर्निकचंही तसंच झालं. १९६८ ते १९७२ सलग पाच वेळा पोलिश चषक, १९७१ आणि ७२ ला लीगही, आणि मग उतार. १९७८ साली खालच्या दर्जात घसरले. ऐंशीच्या दशकात परत उसळी: १९८५ ते ८८ सलग चार विजेतेपदं, त्यातल्या सुरुवातीच्या दोन वेळी प्रशिक्षक तोच जुना गोलरक्षक कोस्तका. १९८८ च्या शरद ऋतूत माद्रिदला रेआलच्या मैदानावर काही काळ २-१ असे पुढे होते, शेवटी ३-२ हरले. त्यानंतर राजवट बदलली, खाणी एकेक करून बंद व्हायला लागल्या आणि क्लबचा आधार गेला. नव्वदनंतरचं फार सांगण्यासारखं नाही. कर्ज, बदलते मालक, मग नगरपालिकेचा ताबा, २००९ आणि २०१६ साली पुन्हा खालच्या दर्जात. पण दोन्ही वेळा पुढच्याच मोसमात वर आले. मैदान कधी ओस पडलं नाही.

---

वर्धेकाठचा

मी चंद्रपूरचा, वडील कोळसा खाणीत होते. आमच्याकडेही टोकन असायचं, गोल, नंबर ठोकलेलं. खाणीच्या तोंडाशी लाकडी फळ्याला खिळे मारलेले असायचे, एकेका खिळ्यावर एकेक टोकन. भोंगा झाला की आई घड्याळ बघायची नाही, सायकलच्या आवाजाकडे कान लावून बसायची. वडिलांचं टोकन आमच्याकडे नाही, ते जमा करावं लागलं. तुमच्या ओपांनी स्वतःजवळ ठेवलंय हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना एका खाणकामगाराच्या मुलाचा नमस्कार सांगा.

---

श्लोंस्कवासी

सांगितला. त्यांनी विचारलं, "तिथे खाली किती खोल?" मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, "श्चेंश्च बोझे सांग त्याला." इथे खाणीत 'नमस्कार' म्हणत नाहीत, हेच म्हणतात. अर्थ साधारण 'देव तुझं भलं करो'. खाली उतरताना प्रत्येकाने समोरच्याला म्हणायचं.

---

चिंचपान

पोडोल्स्कीचा याच्याशी संबंध आहे ना? जर्मनीकडून खेळायचा तो. कुठेतरी वाचलं होतं.

---

श्लोंस्कवासी

आहे, आणि तो माझ्या आवडीचा भाग आहे. लुकास पोडोल्स्की १९८५ साली ग्लिवित्सेत जन्मला. दोन वर्षांचा असताना आईवडील जर्मनीला गेले. आजी इथेच राहिली. सुट्टीत तो आजीकडे यायचा आणि गुर्निकचे सामने बघायचा. पुढे जर्मनीकडून १३० सामने, ४९ गोल, २०१४ चा विश्वचषक. २००८ च्या युरो स्पर्धेत पोलंडविरुद्ध दोन गोल मारले आणि एकदाही आनंद साजरा केला नाही. शेवटी गुर्निककडून खेळणार असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. लोक ऐकून सोडून द्यायचे. २०२१ साली तो खरोखर आला.

सिलेसियात एक पिढी अशी आहे की जिला 'तू पोलिश की जर्मन?' हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. ओपा म्हणतात, "मला कुणी विचारलं तर मी सांगतो, मी झाब्झेचा." पोडोल्स्की आला तेव्हा ते पहिल्या सामन्याला गेले, कारण त्यांच्या मते त्या मुलालाही हेच उत्तर द्यायचं होतं.

---

रंकाळ्याकाठी

थोडं अवांतर, पण संबंध लागेल असं वाटतं. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. सोव्हिएतांनी त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हद्दपार केलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथे आली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, मी लहानपणापासून बघत आलोय. त्या भागातल्या लोकांचं पुढे काय झालं? तिकडच्या फुटबॉलशी त्यांचा काही संबंध?

---

श्लोंस्कवासी

अवांतर मुळीच नाही. वळिवड्यातली माणसं ज्या पूर्वेकडच्या पट्ट्यातली होती, तो पट्टा युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला. त्यातलं मोठं शहर ल्वुफ, आज युक्रेनमधलं ल्विव. तिथल्या पोलिश लोकांना घरदार सोडून पश्चिमेकडे यावं लागलं, आणि त्यातले खूप जण इथे, सिलेसियात उतरले. झाब्झेला लागूनच बितोम आहे. तिथला पोलोनिया बितोम हा क्लब १९४५ साली पुन्हा उभा राहिला तो ल्वुफहून आलेल्या लोकांच्या हातांनी. ल्वुफचा पोगोन्य हा युद्धाआधीचा नावाजलेला क्लब, त्याची परंपरा ते आपली मानतात. १९५४ आणि १९६२ साली पोलोनिया देशात पहिला आला.

आणि आता गुर्निककडे परत येतो. १९७० साली स्ट्रासबुर्गला आणि व्हिएन्नात गुर्निकचा प्रशिक्षक होता मिहाव मातियास. युद्धाआधी तो ल्वुफच्या त्याच पोगोन्यचा आघाडीचा खेळाडू होता. म्हणजे पावसात त्या बाकावर बसलेल्या माणसाचं शहर नकाशावर दुसऱ्या देशात गेलेलं, आणि मैदानावरच्या मुलांच्या गावाचं नाव एका पिढीत दोनदा बदललेलं.

---

निळा_कोपरा

हे मलाही माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

---

ऑफसाइड

माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण आता हा क्लब मला निव्वळ सरकारी वाटत नाही. कोण कुठला हे समजलं की विजेतेपदाचा आकडा वेगळा दिसतो. पुढचा भाग लिहिणार असाल तर वाट बघतोय.

---

जुनी_वही

वही काढून बघितली. फोटो तोच, ६ जून. खाली वडिलांच्या अक्षरात 'लुबान्स्की (पोलंड)' आणि पुढे बाण काढून 'गुडघा'. एवढंच. आज कळलं त्यांनी ते का लिहिलं होतं.

---

वर्धेकाठचा

कधी आलो तर बघायला काय आहे तिथे? मुलगी पुढच्या वर्षी व्रोत्सवाफला शिकायला जाणार आहे.

---

श्लोंस्कवासी

झाब्झेत ग्विदो नावाची जुनी खाण आहे, १८५५ मध्ये सुरू झालेली, आता संग्रहालय. १७० मीटर आणि ३२० मीटर अशा दोन पातळ्यांवर नेतात. पिंजऱ्यासारखी लिफ्ट असते, तिला इथे 'शोला' म्हणतात. अंधारात उतरते तेव्हा बोलणारी माणसंही गप्प होतात. मुलीला सोबत आणा, तिला तिच्या आजोबांचं काम कळेल.

तिथून मैदानावर जा, रूझवेल्ट रस्त्यावर. जुन्या जागेवरच नवं बांधलंय, २०१६ साली तीन बाजूंची प्रेक्षागारं उघडली. सामन्याचा दिवस असेल तर पांढरा, निळा, लाल असा तिरंगी मफलर कुणाच्याही गळ्यात दिसेल. रविवार असेल तर मात्र जेवायला आमच्याकडे या. ओपांकडे रविवारचा बेत ठरलेला: गोमांसाचा रोल, तांबडी-जांभळी शिजवलेली कोबी, आणि बटाट्याचे गोळे. प्रत्येक गोळ्याला ते अंगठ्याने मधोमध खळगा पाडतात, रस्सा त्यात साचावा म्हणून. गोमांस खात नसाल तर गोळे आणि कोबी पोटभर मिळतील, मी तेच खातो.

आणि मैदानाच्या नावाची पाटी जवळ जाऊन बघा. २००५ साली त्याला एर्नेस्ट पोलचं नाव दिलं. तो ते बघायला नव्हता, १९९५ साली जर्मनीत वारला. पण पाटीवर आडनाव पूर्ण लिहिलंय, 'एच'सकट. ओपांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आत शिरण्याआधी मला थांबवलं होतं, आणि त्याच एका अक्षराकडे बोट दाखवलं होतं.